खाडीला हद्द कुठे ठाऊक असते!

पावसाळा तोंडावर आला की गोडादरा, पर्वत पाटिया, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यातल्या घराघरांत एकच हिशेब सुरू होतो. धान्याची कोठी विटांवर चढवायची का, बाईक कुठे उंचावर लावायची, खालच्या खोलीतला फ्रिज या वर्षी तरी वर न्यायचा का. मुंबईच्या नातेवाइकांना वाटतं, सुरतेत पूर म्हणजे तापीचा पूर. आपल्याला माहीत आहे की आपल्या दारात येणारं पाणी बहुतेक वेळा तापीचं नसतं. ते खाडीचं असतं.

मंडळातल्या नव्या पिढीसाठी हा फरक आधी नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये जो पूर आला तो तापीचा. वर मध्य प्रदेशात आणि आपल्या खानदेशात धो धो पाऊस, उकाई भरलेलं, आणि धरणातून सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावं लागलं. शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. आई-वडिलांना विचारा, त्या दिवसांच्या आठवणी अजून ताज्या असतील. खाडीपूर वेगळा. २०२४ च्या जुलैमध्ये आणि पुन्हा २०२५ च्या जूनमध्ये उकाईचा काही संबंध नसताना मीठी खाडी आणि तिच्या बहिणी फुगल्या आणि गल्ल्यांमध्ये कमरेएवढं पाणी शिरलं. घरातल्या म्हाताऱ्या आपल्या अहिराणीत एकच विचारतात, ‘पाणी कथाईन उनं?’ प्रश्न साधा आहे. पण त्याचं उत्तर महापालिकेच्या हद्दीत सापडत नाही.

पाणी येतं पलसाणा, कामरेज, बारडोलीकडच्या शेतांतून आणि गावांतून. कोयली खाडी, मीठी खाडी, भेदवाड खाडी, सीमाडा खाडी ही नावं आपण रोज ऐकतो. यातल्या बऱ्याच जणींचा उगम शहराच्या बाहेर आहे. ग्रामपंचायतींच्या हद्दीतून त्या निघतात, वाटेत महामार्गाचे आणि रेल्वेचे नाले-पूल ओलांडतात, मग महापालिकेच्या हद्दीत शिरतात. आपल्या भागातून काँक्रीटच्या भिंतींमधून पुढे सरकतात आणि शेवटी शहराच्या दक्षिणेला मिंढोळा नदीच्या दिशेने जाऊन समुद्राला मिळतात. समुद्राला भरती असेल तर ते पाणी तोंडाशीच थबकतं. त्यात त्या तोंडाशी झिंग्यांचे तलाव बांधून वाट अडवलेली, म्हणून २०२५ च्या पुरानंतर ते तलाव तोडायची मोहीम निघाली.

आता मोजा. उगम पंचायतीकडे, मधला भाग महापालिकेकडे, पूल महामार्गाच्या आणि रेल्वेच्या खात्याकडे, खाडीची खोली-रुंदी काही ठिकाणी सिंचन खात्याकडे आणि समुद्राकडचं तोंड महसूल खात्याकडे. आपल्या वॉर्डचा नगरसेवक कितीही भला असला तरी त्याचा हात हद्दीपर्यंतच पोचतो. तो गाळ काढून देईल, भिंत बांधून देईल. पण वरच्या गावात शेतजमिनीवर भराव घालून एखादा इंडस्ट्रियल इस्टेट उभा राहिला, तर पूर्वी शेतात मुरणारं पाणी थेट आपल्या खाडीत येणार, आणि त्या भरावाची परवानगी नगरसेवकाने दिलेली नसते. प्रत्येक कार्यालय आपल्यापुरतं काम चोख करतं असं धरलं, तरीही घरात पाणी येऊ शकतं. मला तरी यातली खरी मेख हीच वाटते.

सुरतेने या प्रश्नावर आजवर एकच उपाय जोरात वापरला, तो म्हणजे हद्द वाढवणे. १९६६ मध्ये महापालिका झाली तेव्हाचं शहर आज आपण जुनं सुरत म्हणतो तेवढंच होतं म्हणा. पुढे ते वाढत गेलं. २००६ मध्ये तर एकदम झेप घेतली, सुमारे ११२ चौरस किलोमीटरवरून ३२६ चौरस किलोमीटर. आपला गोडादरा त्याच वेळी महापालिकेत आला. त्याआधी इथे पंचायत होती हे आजच्या विशी-पंचविशीतल्या मुलांना खरं वाटत नाही. मग २०२० मध्ये सचिन आणि कनकपूर-कनसाड या दोन नगरपालिका आणि २७ ग्रामपंचायती आत आल्या, आणि क्षेत्र ४६१ चौरस किलोमीटरच्या वर गेलं.

हद्द वाढली की काय मिळतं ते आपण गोडादऱ्यात पाहिलं आहे. पाण्याची लाइन आली, ड्रेनेज आलं, सिटी बस आली, पथदिवे आले. वेराबिलही आलं, आणि त्यावर सुरुवातीला बरीच कुरकुर झाली. पण मागे वळून कोणी पंचायतीत परत जायचं म्हणेल असं वाटत नाही. म्हणून हद्दवाढीला मी नावं ठेवत नाही. एवढंच म्हणतो, हा उपाय संपत नाही. हद्द कितीही पुढे सरकवा, तिच्या पलीकडे पुन्हा एक गाव असतंच आणि शहर तिथे आधीच पोचलेलं असतं. कडोदरा बघा. महामार्गावरचं ते गाव आज स्वतंत्र नगरपालिका आहे, आजूबाजूला प्रोसेसिंग हाउस आणि लूम्सची गर्दी, आणि तिथे काम करणारी अर्धी माणसं आपल्याच भागातून रोज ये-जा करतात. कामाच्या दृष्टीने ते सुरत आहे, कागदावर नाही.

कागद आणि काम यांच्यातला हा फरक सगळ्यात जवळून बोचतो तो घर घेताना, आणि या लेखाचं निमित्तही तेच. मंडळाच्या ग्रुपवर दर आठवड्याला कोणीतरी विचारतं, पलसाण्याकडे रो-हाउस स्वस्त मिळतंय, घेऊ का? आई-वडिलांनी लूम्सच्या खात्यात रात्रपाळ्या करून गोडादऱ्यात दोन खोल्या केल्या. आता मुलगा-सून नोकरी करतात, त्यांना स्वतःचं पार्किंग आणि गच्ची हवी. गोडादऱ्यातला भाव परवडत नाही, मग रिंग रोडच्या बाहेर, महामार्गाच्या पलीकडे नजर जाते. यात चूक काहीच नाही. पण ते घर घेताना आपण नुसत्या भिंती घेत नाही, एक स्थानिक संस्थाही घेतो. पाणी कोण देणार, कचरागाडी कोणाची येणार, आग लागली तर बंब कुठून निघणार, रात्री दहा वाजता परतीची बस असेल का, ही सगळी उत्तरं सात-बाराच्या उताऱ्यावरच्या गावाच्या नावावर ठरतात.

शाळेचंच घ्या. सुरत महापालिकेची शिक्षण समिती गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांच्या प्राथमिक शाळा चालवते. देशात असं करणाऱ्या महापालिका फार थोड्या. आपल्या दोन पिढ्या या मराठी शाळांतून शिकल्या. हद्द ओलांडली की शाळा जिल्हा पंचायतीच्या, आणि त्या बहुतेक गुजराती माध्यमाच्या. तुम्ही म्हणाल, आता मराठी माध्यमात कोण घालतं? तुम्ही नसाल घालत. पण गावाहून नव्याने आलेला तुमचा चुलतभाऊ घालतो, आणि तो स्वस्त भाड्यासाठी नेमका हद्दीच्या बाहेरच राहायला जातो.

यावर कायद्यात काही सोय आहे की नाही? आहे, आणि बऱ्यापैकी आहे. पहिली सोय म्हणजे सुडा, सुरत अर्बन डेव्हलपमेंट ऑथॉरिटी, १९७८ पासूनची. महापालिकेच्या भोवतालच्या गावांचा विकास आराखडा ती करते. १९७६ च्या गुजरातच्या नगररचना कायद्यात टी. पी. स्कीमची पद्धत आहे. तुम्ही घर घेणार असाल तर ती समजून घ्या. एका पट्ट्यातल्या सगळ्या जमीनमालकांच्या वेड्यावाकड्या जमिनी कागदावर एकत्र करतात. त्यातून रस्ते, बाग, शाळा, पाण्याची टाकी यांसाठी भाग काढून घेतात. उरलेली जमीन चौकोनी प्लॉट करून ज्याची त्याला परत देतात, आणि भाव वाढतो म्हणून मालकही फार ओरडत नाहीत. महाराष्ट्रातल्या नगररचनाकारांना या पद्धतीचा हेवा वाटतो, आणि वाटायलाच हवा. मात्र स्कीम जाहीर होणं आणि अंतिम होऊन रस्ता प्रत्यक्ष उतरणं यांत वर्षं जातात. बिल्डरच्या माहितीपत्रकातला अठरा मीटरचा रस्ता अजून कोणाच्या तरी उसात असू शकतो.

सुडा आणि महापालिका मिळून काही कामं नीट झाली आहेत हेही सांगायला हवं. सुमारे ६६ किलोमीटरचा आउटर रिंग रोड हा दोघांनी मिळून हाती घेतलेला प्रकल्प. एकट्या महापालिकेला तो जमला नसता, कारण तो तिच्या हद्दीत आत-बाहेर करत जातो. दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. बमरोलीला महापालिका सांडपाणी इतकं शुद्ध करते की ते पांडेसरा जी.आय.डी.सी.तल्या डाइंग मिलना विकता येतं. २०१४ मध्ये रोज चार कोटी लिटरच्या क्षमतेने हे सुरू झालं. मिलना पाणी हवं होतं, महापालिकेला सांडपाण्याची विल्हेवाट लावायची होती, आणि पिण्याचं पाणी वाचलं. कुणी कुणावर उपकार केले नाहीत, दोघांचाही व्यवहार बसला. दोन संस्था एकत्र येतात त्या बहुधा अशाच, हिशेब जुळला की.

हिशेब जुळत नाही तिथे काय होतं ते सचिनला दिसतं. २०२० पर्यंत तिथे शेजारी शेजारी सचिन नगरपालिका, कनकपूर-कनसाड नगरपालिका आणि जी.आय.डी.सी.चं नोटिफाइड एरिया असे तीन कारभार होते. कारखान्याचा कर नोटिफाइड एरियाकडे, आणि त्या कारखान्यात काम करणारा माणूस राहायला नगरपालिकेत. म्हणजे मुताऱ्या, गटारं, दवाखाना यांचा खर्च ज्याच्याकडे, त्याच्याकडे उत्पन्न नाही. पुढे ६ जानेवारी २०२२ ला पहाटे जी.आय.डी.सी. भागात एका टँकरने चोरून रासायनिक कचरा नाल्यात सोडला आणि त्यातून सुटलेल्या वायूने सहा कामगारांचा जीव गेला. गुन्हेगार शोधले गेले, कारवाई झाली. पण नाला कुणाचा, रात्री टँकरवर नजर कुणाची आणि रसायन मुळात कुठून निघालं, या तीन प्रश्नांच्या हद्दी वेगवेगळ्या होत्या. झोपेत मेलेल्या मजुरांच्या घरच्यांना त्याच्याशी काय करायचं होतं?

आता वरच्या पातळीवर काय चाललंय ते पाहू. नीती आयोगाने विकासाची केंद्रं म्हणून देशातले चार प्रदेश आधी निवडले: मुंबई, सुरत, वाराणसी आणि विशाखापट्टणम. सुरत आर्थिक प्रदेशात सुरत, भरूच, नवसारी, वलसाड, तापी आणि डांग असे सहा जिल्हे घेतले, आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये त्याचा आर्थिक बृहत् आराखडा मुख्यमंत्री भूपेंद्र पटेल यांच्या हस्ते प्रसिद्ध झाला. कल्पना चांगली आहे. हिरे सुरतेत, रसायनं भरूच-वापीकडे, नवसारीजवळ वांसी-बोरसीला पीएम मित्र टेक्स्टाइल पार्क, बुलेट ट्रेनचं सुरतचं स्टेशन अंत्रोलीला, म्हणजे पुन्हा शहराच्या बाहेरच. १ जानेवारी २०२५ पासून नवसारी आणि वापी याही महापालिका झाल्या. कोणतंही एक शहर एकट्याने धावण्यापेक्षा सहा जिल्ह्यांनी मिळून ठरवावं की कारखाना कुठे, घरं कुठे आणि रेल्वे कुठे, हे शहाणपणाचंच.

माझी शंका एकच, या टेबलावर बसतं कोण? आराखडा सल्लागार करतात, अधिकारी मंजूर करतात. पलसाण्याच्या एखाद्या सरपंच ताई आणि लिंबायत झोनचा नगरसेवक एकाच खोलीत बसून खाडीबद्दल बोलले, असं किती वेळा घडतं? गंमत अशी की संविधानात या खोलीची सोय करून ठेवली आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या २४३-झेडई या कलमात दहा लाखांवर वस्तीच्या महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समिती सांगितली आहे. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवकांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातूनच निवडून द्यायचे. पाणी आणि इतर साधनसंपत्तीची वाटणी हे तिच्या कामात स्पष्ट लिहिलेलं आहे. देशभर या समित्या एकतर झाल्याच नाहीत किंवा झाल्या तर त्यांना कोणी विचारत नाही. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या आपल्या मुलांना हे कलम तोंडपाठ असतं. ते खाडीला लागू होतं हे मात्र कोणत्याही क्लासमध्ये शिकवत नाहीत.

शेजारी काय करतात? वसई-विरार आणि मीरा-भाईंदर या दोन महापालिकांनी स्वतंत्र धरणं शोधत बसण्याऐवजी एमएमआरडीएच्या सूर्या योजनेतून एकत्र पाणी घेतलं. रोज ४०३ दशलक्ष लिटरची योजना, त्यातलं १८५ वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला. २०२३ मध्ये वसई-विरारला पाणी पोचलं. तिथे आणखी एक शिकण्यासारखी गोष्ट आहे, आणि ती कडू आहे. ज्या पालघरच्या गावांतून ते पाणी उचललं, तिथल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, आमच्या सिंचनाचं काय म्हणून. दोन शहरं एकत्र आली, पण गाव टेबलाबाहेर राहिलं. फ्रान्समध्ये सुमारे ३५ हजार कम्यून आहेत, आपल्या ग्रामपंचायतीसारखे, कित्येक तर पाचशे माणसांचेही नाहीत. त्यांनी हद्दी मोडल्या नाहीत. साधारण साडेबाराशे गट केले आणि कचरा, पाणी, बस अशी कामं गटाकडे दिली. गावाचा महापौर गावातच राहिला, फक्त कचरागाडी सगळ्यांची एक झाली. आपल्याकडे प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेत दहा-वीस गावं एका टाकीवर असतात, तोच प्रकार जरा मोठ्या प्रमाणावर.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. सुरत आर्थिक प्रदेशाचा नकाशा तापी जिल्ह्याच्या पूर्व टोकाला थांबतो. तिथून पुढे नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर. म्हणजे आपण. सुरतेच्या लूमवर, मार्केटच्या पार्सलखाली, रिक्षांच्या स्टेअरिंगवर ज्या जिल्ह्यांची माणसं आहेत ते जिल्हे सुरतेच्या आर्थिक नकाशात नाहीत, कारण मधून राज्याची रेषा जाते. रेल्वेला ती रेषा कधी अडली नाही. तापी व्हॅलीची ही लाइन विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पडली आणि आपले पणजोबा तिच्यावरून आले. उधना-जळगाव दुहेरीकरण आणि विद्युतीकरण पूर्ण करून १६ फेब्रुवारी २०१९ ला धुळ्याच्या सभेत पंतप्रधानांनी ते देशाला अर्पण केलं. नवापूर स्टेशनचं तिकीटघर महाराष्ट्रात आहे आणि स्टेशन मास्तरांचं ऑफिस गुजरातमध्ये. फलाटावर दोन्ही राज्यांची हद्द आखलेली आहे, आणि माणसं तिच्यावर बसून डबा खातात. उकाईचं पाणी तर गुजरातचं म्हणतात, पण जलाशयाची शेपटी नंदुरबार जिल्ह्यात शिरते. हतनूरला दरवाजे उघडले की उकाईत त्याचा हिशेब धरावा लागतो. पुरासाठी दोन राज्यांची कार्यालयं एकमेकांशी बोलतात, मग रोजगारासाठी, स्थलांतरित मुलांच्या दाखल्यांसाठी, रेशनसाठी नंदुरबार नगरपरिषद आणि सुरत महापालिका एकदाही का बोलू नयेत?

हे झालं मोठं बोलणं. घर शोधणाऱ्यांसाठी आता थोडं कामाचं. सौद्याचं टोकन देण्याआधी त्या गावाचं नाव घेऊन तीन ठिकाणी जा. सुडात जाऊन टी. पी. स्कीम कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहा, नुसती जाहीर की अंतिम. पंचायतीत जाऊन पाणी बोअरचं की योजनेचं आणि ड्रेनेज कुठे सोडलंय ते विचारा. सोसायटीचं सांडपाणी मागच्या खाडीत सोडलं असेल तर ते फिरून आपल्याच मावशीच्या गोडादऱ्यातल्या दारात येणार आहे. आणि भर पावसात एकदा जागा बघायला जा. उन्हाळ्यात सगळेच प्लॉट उंचावर असतात.

आणि घर घेतलंच, तर ग्रामसभेला जा. आपली माणसं बाहेर राहायला गेली की पंचायतीला परकी समजतात, मतदार यादीत नाव गोडादऱ्याचंच ठेवतात आणि मग तक्रार करतात की सरपंच ऐकत नाही. नाव तिकडे न्या. ग्रामसभेत खाडीवरच्या भरावांची यादी मागा, तीच यादी लिंबायत झोनच्या ऑफिसला द्या आणि पोच घ्या. मंडळाच्या पुढच्या बैठकीत गोडादरा-डिंडोलीकडची आणि पलसाणा-कडोदऱ्याकडची घरं एकत्र बसवून एकच निवेदन करायचं ठरतंय. दोन्हीकडच्या सभासदांनी खाडीचे आपापल्या भागातले फोटो तारखेसह पाठवावेत. पूल, भराव आणि सांडपाण्याचे पाइप दिसतील असे काढा, सेल्फी नकोत.